मनाचा शीण, जिवाची घालमेल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत एक वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात आलं आहे : ‘घरचे म्हणतात, एवढा विचार करू नकोस.’ हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. पण ‘करू नकोस’ हा हुकूम मनाला पाळता येत नाही. काय करायचं, ते कधी, कुठे बसून आणि किती मिनिटं, हे सांगितलं तर मन ऐकतं. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत, ती लांबू दिली. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

मी 41 वर्षांची, चिंचवडला राहते, नोकरी करते. दिवसभर खुर्चीतच असते, तरी संध्याकाळी अंगात त्राण उरत नाही. घरात पाऊल टाकल्यावर कुणी ‘भाजी कोणती करायची?’ एवढं विचारलं तरी डोळ्यांत पाणी येतं. सासूबाईंच्या गोळ्या, मुलाच्या क्लासची फी, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं डोक्यात फिरत असतं. नवरा करतो, पण सांगितलं की करतो. रविवार झोपून काढला तरी सोमवारी तेच. मला नेमकं झालंय काय?

‘सांगितलं की करतो’ या तीन शब्दांत तुमच्या थकव्याचं बरंचसं मूळ आहे. गोळ्या आणणं हे दहा मिनिटांचं काम. पाकिटात किती उरल्या याकडे लक्ष ठेवणं, डॉक्टरांची चिठ्ठी जुनी झाली का ते बघणं, कुणी कधी आणायच्या ते ठरवणं आणि आणल्या का ते विचारणं, हे काम मात्र दिवसभर आत चालू राहतं. ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे त्याची वाटणीही होत नाही. भाजीच्या प्रश्नाने रडू येतं ते भाजीमुळे नव्हे. त्या दिवसाचा तो दोनशेवा निर्णय असतो.

आधी शरीराकडे बघू. हिमोग्लोबिन, थायरॉईडसाठी टीएसएच, बी-12 आणि रक्तातली साखर, एवढ्या चार तपासण्या करून घ्या. शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं फार सर्रास आढळतं आणि त्याचा थकवा मनाच्या थकव्यासारखाच वाटतो. बी-12च्या गोळ्या आधीच चालू असतील तर डॉक्टरांना तसं सांगा, नाहीतर आकडा फसवतो. पाळी मागेपुढे होत असेल, रात्री घामाने जाग येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही भेटा. चाळिशीत पाळी जायच्या आधीची काही वर्षं विनाकारण धास्ती आणि चिडचिड वाढते, आणि बायका तो दोष स्वतःच्या स्वभावाला देत बसतात.

मग डोक्यातला पसारा कागदावर काढायचा. रविवारी संध्याकाळी 15 मिनिटं, वही आणि पेन. जे जे फिरतंय ते सगळं लिहा, क्रम लावू नका. नंतर प्रत्येकासमोर दोनच गोष्टी लिहायच्या : पुढचं पाऊल आणि वार. इथे बहुतेकांचं चुकतं. ‘मुलाचा क्लास’ असं लिहिलं तर ते डोक्यात फिरतच राहतं. ‘मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत क्लासला फोन, दुसरा हप्ता कधी ते विचारणे’ असं लिहिलं की मन ते सोडून देतं. मोबाईलच्या नोंदवहीपेक्षा कागद बरा, कारण मोबाईल उघडला की त्यात आणखी दहा कामं दिसतात.

वाटणी करताना कामं वाटू नका, खाती वाटा. ‘गोळ्या आण’ असं न म्हणता ‘आईंच्या औषधांचं खातं तुझं’ असं ठरवायचं. दर रविवारी मोजणं, दहा गोळ्या उरल्या की आणणं, चिठ्ठी नवी करून घेणं, सगळं त्यातच आलं. पहिले तीन-चार आठवडे गडबड होणार. ती होताना तुम्ही मधे पडून सावरलंत, की खातं परत तुमच्याकडे आलंच म्हणून समजा. त्यामुळे सुरुवात चुकलं तरी चालेल अशा खात्यापासून करा : वीजबिल, गॅस, मेंटेनन्स. ते महिनाभर नीट चाललं की औषधं. भाजीचं तर वारावरच टाका. सोमवारी मूग, मंगळवारी पालेभाजी, असं आठवड्याचं पान फ्रिजवर लावलं की तो प्रश्न घरात उरतच नाही.

विश्रांतीबद्दल एकच, पण महत्त्वाचं. कामावरून आल्यावर पलंगावर पडून मोबाईल बघणं ही विश्रांती ठरत नाही, कारण थकलेलं असतं लक्ष, आणि मोबाईल तेच वापरतो. त्याऐवजी ऑफिस आणि घर यांच्या मधे 15 मिनिटं ठेवा. एक स्टॉप आधी उतरून चाला, किंवा घरी आल्यावर हातपाय धुऊन दार लोटून गप्प बसा. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘काय झालं?’ म्हणून दार वाजतं.

एक फरक ओळखून ठेवा. चार दिवस खरोखर सुट्टी मिळाली आणि जीव थोडा वर आला, तर हा ओझ्याचा शीण. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाच्या अशा थकव्याची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणी साचलेल्या, न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. पण आवडीच्या गोष्टीतही दोन आठवडे सलग काहीच वाटेनासं झालं, भूक-झोप बिघडली, ‘आपण कुणाच्या कामाचे नाही’ असं मनात यायला लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे वही आणि वाटणी पुरत नाही, डॉक्टर लागतात.

वय 29, डोंबिवली. जूनमध्ये फास्ट लोकलमध्ये अचानक छातीत धडधड, हातांना मुंग्या, श्वास पुरेना, आता जातो असं वाटलं. उतरून थेट दवाखाना. त्यानंतर तीन वेळा ईसीजी, एकदा टूडी इको, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, टेन्शन आहे. तेव्हापासून स्लो लोकलनेच जातो, म्हणजे कुठेही उतरता येतं. मित्र बरोबर असेल तरच चढतो. पाण्याची बाटली आणि जिभेखाली ठेवायची हार्टची गोळी खिशात असते. आता बसमध्येही तसंच व्हायला लागलंय.

आधी वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : पहिलाच झटका असेल तर घरच्या घरी त्याला ‘पॅनिक’ ठरवू नका. चढताना-चालताना छातीवर दाब येणं, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरणं, दरदरून घाम, खरोखर शुद्ध हरपणं, यांपैकी काही असेल तर सरळ रुग्णालय गाठायचं. चाळिशी उलटली असेल किंवा मधुमेह असेल तर जास्तच तातडीने. तुमच्या तपासण्या झाल्या आहेत आणि त्या स्वच्छ आहेत. चौथा ईसीजी काढू नका. का नको, ते पुढे येईल.

त्या दिवशी शरीरात जे झालं ते असं. धोक्याची घंटा चुकून वाजली आणि ॲड्रिनलिन रक्तात आलं, म्हणून धडधड. श्वास जलद झाला, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडला. तो कमी झाला की बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं आणि हवा भरपूर असूनही श्वास पुरत नाही असं वाटतं. ही लाट साधारण दहा मिनिटांत माथ्यावर पोचते आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरते. काही न करताही ओसरते. चक्कर येऊन पडण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण घेरी येऊन पडायला रक्तदाब एकदम उतरावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो बहुधा चढलेला असतो.

मग एका झटक्याचं हे एवढं का झालं? लाट माथ्यावर असताना तुम्ही उतरलात, दोन मिनिटांत बरं वाटलं, आणि मनाने नोंद केली : ‘उतरलो म्हणून वाचलो.’ स्लो लोकल, मित्र, बाटली, गोळी, नवा ईसीजी, प्रत्येकाने तीच नोंद पक्की केली. न उतरताही लाट ओसरली असती हे मनाला बघायलाच मिळालेलं नाही. भीती लोकलमधून बसमध्ये गेली ती याच वाटेने. लगेच मिळणारी सुटका हेच भीतीचं खाद्य आहे, आणि या अंकातल्या जवळजवळ प्रत्येक पत्रात ते कुठल्या तरी रूपात दिसतं.

ती गोळी मात्र आजच खिशातून काढा. डॉक्टरांनी दिलेली नसताना घेतली तर रक्तदाब उतरतो, डोकं ठणकतं आणि धडधड उलट वाढते.

श्वासाचं आधी शिका. लोक सांगतात ‘मोठा श्वास घे’, आणि नेमकं तिथेच बिघडतं, कारण हवा आधीच जास्त झालेली असते. श्वास नाकाने, बेताचा, चार अंक मोजेपर्यंत आत. मग सहा अंक मोजेपर्यंत सावकाश बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. एक हात पोटावर ठेवा. तो हलला पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं, दोन आठवडे, मन शांत असतानाच. ऐन झटक्यात पहिल्यांदा करायला गेलं तर जमत नाही आणि घबराट वाढते. कागदी पिशवीत श्वास घ्यायची जुनी युक्ती करू नका. झटका दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती घातक ठरते.

त्यानंतर शिडी. एक-एक पायरी, प्रत्येक पायरीला चढण्याआधी भीतीला 0 ते 100 मधला आकडा द्यायचा आणि ‘नेमकं काय होईल असं वाटतं’ ते एका वाक्यात लिहायचं. तुमची शिडी अशी असू शकेल. रविवारी दुपारी एकट्याने स्लो लोकलने डोंबिवली ते कोपर आणि परत. मग दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाण्यापर्यंत, तीही स्लोच. मग रविवारी फास्टने ठाणे. मग फास्टने घाटकोपर. मग तेच कामाच्या दिवशी अकरानंतर. शेवटी सकाळच्या गर्दीत, दाराजवळ न थांबता आत. मित्र पहिल्या पायरीपासूनच घरी, बाटली दुसऱ्या पायरीपासून.

प्रत्येक पायरी आठवड्यात किमान तीन-चार वेळा करा. आठवड्यातून एकदा केली तर भीती मधल्या दिवसांत पुन्हा जमून बसते. धडधड सुरू झाली की उतरायचं नाही, हीच खरी कसोटी. मोबाईलमध्ये डोकं घालून वेळ मारून नेली तर तेही उतरण्यासारखंच. धडधड जाणवू द्या, मनात म्हणा ‘आली आहे, माथ्यावर जाईल, उतरेल’, आणि स्टेशनं मोजा. घरी आल्यावर लिहिलेलं वाक्य वाचा : ‘बेशुद्ध पडेन’ लिहिलं होतं, पडलात का? आकडा शून्यावर यायची वाट बघू नका. 80 वरून 40 वर आला आणि तुम्ही ठाण्याला पोचलात, एवढं पुढच्या पायरीला पुरेसं आहे. वाईट झोप झाली किंवा ऑफिसात वाजलं, तर एखादा झटका मधेच येईल. त्या दिवशी एक पायरी खाली या, पण घरी बसू नका.

चहा-कॉफी दिवसाला दोन कपांवर आणा, तीही दुपारी दोनच्या आत. कॅफिनने होणारी धडधड आणि भीतीची धडधड शरीराला वेगळी ओळखता येत नाही. सहा आठवडे मनापासून करूनही शिडी पुढे सरकली नाही, तर मानसशास्त्रज्ञांबरोबर करा. पॅनिकवर या पद्धतीचा चांगला गुण येतो.

वय 46, निफाड तालुका, तीन एकर द्राक्षं. गोडी (फळासाठीची) छाटणी झाली की झोप उडते. रात्री दोन-अडीचला टक्क जाग येते, मग मोबाईलवर हवामान बघत बसतो. ढग दिसले की डाऊनी, घडकुज असे रोग, बँकेचा हप्ता, मुलीचं शिक्षण, सगळं एकामागून एक. झोप लागावी म्हणून दोन पेग घेतो. घरात कुणाशी बोलत नाही, त्यांना कशाला त्रास.

तुमची काळजी खोटी नाही. फुलोऱ्यात पाऊस झाला तर काय होतं हे तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, आणि ‘सकारात्मक विचार करा’ असं आम्ही सांगणार नाही. पण रात्री अडीच वाजता त्या काळजीतून एकही काम होत नाही. ती दिवसा हलवता येते.

रोज संध्याकाळी साडेसहाला, वीस मिनिटं, काळजीची वेळ. जागा ठरलेली : ओटा किंवा शेड, अंथरूण कधीच नाही. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ज्यावर तुमचा हात चालतो ते : उद्या फवारणी कोणती, कॅनॉपी (वेलींचा पानोरा) मोकळी करायला माणसं, मंगळवारी बँकेत जाऊन हप्त्याची मुदत विचारणं. प्रत्येकासमोर वार. उजवीकडे ज्यावर चालत नाही ते : पाऊस, बाजारभाव. उजवीकडच्या एका काळजीला ‘मग काय?’ विचारत शेवटपर्यंत न्या. एक एकर गेलं, मग काय? हप्ता चुकेल, मग काय? मुदत मागावी लागेल, मग काय? काळजीला टोक दिसलं की ती मोजता येते. बिनटोकाचीच रात्रभर फिरते. वीस मिनिटं झाली की वही बंद. रात्री काही आठवलं तर ‘हे उद्या साडेसहाला’ एवढंच. पहिले आठ-दहा दिवस मन ऐकत नाही, हुज्जत घालतं. नंतर ऐकायला लागतं, पण संध्याकाळची वेळ एकही दिवस चुकवली नाही तरच.

हवामान दिवसातून दोनदा बघा, सकाळी आणि संध्याकाळच्या वहीआधी. फवारणीचा निर्णय या दोन वेळांना होतो. रात्री अडीचला बघून तुम्ही पंप काढणार नसता. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

जाग आलीच तर घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं तर उठा, मंद उजेडात खाली चटईवर बसा, दोरीची गाठ सोडवण्यासारखं काही कंटाळवाणं करा. डोळे जड झाले की परत अंथरूण. सकाळी उठायची वेळ एकच, रात्र कशीही गेली तरी. यात पहिला आठवडा झोप उलट कमी होते. त्या दिवसांत ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर दुसऱ्याच्या हाती द्या. शेतीपंपाला रात्रीची वीज असलेल्या आठवड्यात हा नियम पाळता येणार नाही, तेव्हा दुपारी अर्धा तास झोपा आणि दिवसाची वीज आली की पुन्हा वेळ धरा.

पेगबद्दल स्पष्टच सांगायला हवं. दारूने डोळा लवकर लागतो, पण अंगातून ती उतरायला लागली की झोप तुटते. तुमची अडीचची जाग बरीचशी तिचीच आहे. दोन पेग आठवड्याभरात एकावर आणि मग बंद करा. रोजचं प्रमाण यापेक्षा जास्त असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

आणि घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प राहू नका. वहीतली डावी बाजू आठवड्यातून एकदा पत्नीला वाचून दाखवा. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. कोणत्याही रात्री ‘आपण नसलेलं बरं’ असं मनात आलं तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी हे वाचलं असेल तर त्यांनी सरळ विचारावं : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. विचारलं की माणूस बोलतो.

डिचोली, गोवा. यजमान मालवाहू जहाजावर असतात. दिवसातून चाळीसदा त्यांचं ‘शेवटचं ऑनलाइन’ बघते. जहाज कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपवरून जहाज गायब झालं की हातपाय गार पडतात. ते म्हणतात ठीक आहे, तेव्हा तासभर बरं वाटतं.

ॲपचं आधी. मोफत ॲपना जहाजाची जागा मुख्यतः किनाऱ्यावरच्या अँटेनांकडून कळते, आणि त्यांचा पल्ला काही डझन सागरी मैलांचाच असतो. जहाज भर समुद्रात गेलं की ते नकाशावरून दिसेनासं होणारच. ज्याला तुम्ही संकटाची खूण समजता ती ठरलेल्या प्रवासाची खूण आहे. ते ॲप काढून टाका.

बघितलं की तासभर बरं वाटतं, आणि त्या तासासाठी चाळीसदा बघावं लागतं. हे कमी करताना एकदम तोडू नका, लांबवा. बघावंसं वाटलं की घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा, मग हवं तर बघा. चार दिवसांनी वीस मिनिटं, मग तास. बहुतेक वेळा ती ओढ थांबण्यातच विरते. यजमानांशीही बोलून ठरवा : नेटवर्क असेल तेव्हा ठराविक वेळी एक निरोप. मधे तुम्ही विचारलंत तर त्यांनी ‘ठीक आहे’ म्हणू नये, ‘ठरल्या वेळी बोलू’ म्हणावं. हे निष्ठुर वाटेल. म्हणून ते मुक्कामाला असताना, समोरासमोर ठरवायचं. कंपनीच्या कार्यालयातला कुटुंबीयांसाठीचा तातडीचा क्रमांक कागदावर लिहून देव्हाऱ्याजवळ लावा. काही झालं तर बातमी तिथून येते, ‘शेवटचं ऑनलाइन’मधून नाही.

डॉक्टरांनी चिंतेवर एस्सिटालोप्राम ही गोळी दिली. सहा दिवसांत घालमेल कमी व्हायच्या ऐवजी वाढली, मळमळ सुरू झाली, म्हणून बंद केली. शेजारच्या काकू अल्प्राझोलाम ही दुसरी गोळी घेतात, त्यांना तर अर्ध्या तासात गुण येतो. तीच का देत नाहीत? (लातूर)

कारण अर्ध्या तासात गुण येणारी गोळी काही आठवड्यांत सवय लावते. मग तेवढ्याच गुणाला जास्त लागते, आणि एकदम सोडली तर अंग थरथरणं, झोप उडणं, क्वचित फिटसुद्धा येते. डॉक्टर ती देतात तेव्हा थोड्या दिवसांपुरती देतात. काकूंना सांगा, दारूबरोबर कधीच नाही, आणि जुन्या चिठ्ठीवर केमिस्टकडून परत परत आणायची नाही. कमी करायची तर डॉक्टरांकडून, हळूहळू.

तुमची गोळी वेगळ्या जातीची आहे. पहिले आठ-दहा दिवस मळमळ आणि थोडी जास्त अस्वस्थता येते, बहुतेकांची ती आपोआप जाते. खरा गुण दोन ते चार आठवड्यांत दिसायला लागतो, पूर्ण यायला सहाही लागतात. तुम्ही नेमक्या वाईट दिवसांत थांबलात. डॉक्टरांना फोन करून जसं झालं तसं सांगा. ते बहुधा निम्म्या मात्रेने, जेवणानंतर, पुन्हा सुरू करतील. पंचविशीच्या आतल्या रुग्णात जीव नकोसा होण्याचे विचार सुरू झाले किंवा वाढले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. बरं वाटल्यावरही गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालते. या गोळीची ओढ लागत नाही, पण अचानक बंद केली तर चक्कर आणि चिडचिड होते, म्हणून उतरवतानाही पायरीपायरीने.

मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, कुणाकडे जायचं? खर्च विम्यातून मिळतो का? (सातारा)

गोळ्या लिहून देऊ शकतात ते मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएसनंतर या विषयात पुढे शिकलेले डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलून, सराव देऊन उपचार करतात. त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, तो क्रमांक विचारायला संकोचू नका. समुपदेशक या शब्दामागे शिक्षण कितीही असू शकतं, म्हणून तिथे जास्त विचारा : कुठे शिकलात, कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती भेटी लागतील. चिंतेसाठी विचार आणि वागणूक यांवर काम करणारी उपचारपद्धत घेतली तर आठवड्याला एक, अशा 8 ते 16 भेटी धरून चाला. चार भेटींनंतरही घरी करायला काही दिलेलं नसेल, नुसतं ऐकून घेतलं जात असेल, तर तसं बोला किंवा दुसरीकडे जा.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत आणि तिथल्या बाह्यरुग्ण विभागात साध्या चिंतेचे, झोपेचे रुग्णही तपासतात. गोव्यात बांबोळीला तशीच संस्था आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलं. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि चिंतेचा उपचार बहुतेक वेळा दाखल न होताच होतो. तेव्हा पॉलिसीत ‘बाह्यरुग्ण’ कलम आहे का ते आधी बघा.

जाण्याआधी दोन आठवड्यांची नोंद करून न्या : झोप किती तास, चहा-दारू किती, घालमेल कधी आणि कशानंतर, कोणत्या गोळ्या चालू. तिथे तुम्हाला चिंता मोजणारी, सात प्रश्नांची जीएडी-7 नावाची पट्टी भरायला देतील. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, एकूण 21. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी असा त्याचा अर्थ, आजार ठरला असा नाही. पहिली भेट 40-45 मिनिटांची असते आणि तिच्यात रडू येतं. टेबलावर टिश्यूचा डबा त्यासाठीच ठेवलेला असतो, संकोचू नका.